बंधारा एकाचा, रस्ता दुसऱ्याचा, एसटी तिसऱ्याची

कोकणात किनाऱ्यालगतचा रस्ता उधाणात खचला की दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येतो, आमदार पाहणीला येतात आणि एसटी येत नाही. पंचनाम्याची बातमी होते, पाहणीचा फोटो छापून येतो. एसटी न आल्याची बातमी कुठेच नसते. कॉलेजची मुलं फाट्यापर्यंत चालत जातात, मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका रिक्षाला दुप्पट पैसे मोजतात, म्हातारी माणसं तालुक्याच्या दवाखान्यात जायचंच टाळतात. चार आठवडे गेले की सगळ्यांना याची सवय होते. ती सवय सरकारच्या फार सोयीची आहे.

तो रस्ता कोणी दुरुस्त करायचा, असा साधा प्रश्न विचारून बघा. ग्रामीण मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेचा. प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याचा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आखणीत येत असेल तर रस्ते विकास महामंडळाचा. त्याच रस्त्याला लागून असलेला धूपप्रतिबंधक बंधारा पत्तन विभागाचा किंवा मेरीटाइम बोर्डाचा. खाडीच्या अंगाला बांध असेल तर तो खारभूमी विभागाचा, म्हणजे जलसंपदा खात्याचा. जेटी मत्स्यव्यवसाय खात्याची, कांदळवन वन खात्याचं, किनाऱ्यावर दगड टाकायचा तर सीआरझेडची परवानगी, नुकसानभरपाई महसूल खात्याची. आणि या सगळ्यावर अवलंबून असलेली एसटी परिवहन खात्याची.

यातलं एकही खातं खोटं बोलत नाही. प्रत्येकाची हद्द खरी असते, प्रत्येकाचा कागद बरोबर असतो. म्हणूनच गावकरी हरतो. बांधकाम खातं म्हणतं, आधी बंधारा होऊ द्या, नाहीतर डांबर पुन्हा वाहून जाईल. पत्तन विभाग म्हणतो, प्रस्ताव पाठवलाय, निधी नाही. एसटीचा आगार व्यवस्थापक म्हणतो, बांधकाम खात्याने रस्ता सुरक्षित असल्याचं लेखी दिलं की उद्या गाडी सोडतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर आणि गाव तीन पावसाळे बसशिवाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की किनाऱ्याचं संरक्षण आणि किनाऱ्यावरच्या माणसांची वाहतूक हे एकच काम आहे, आणि ते राज्य सरकारचं काम आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची उघडून बघा. १३व्या नोंदीत रस्ते, पूल आणि तरी (फेरीबोटी) आहेत. १७व्या नोंदीत पाणी, निचरा आणि बांध आहेत. पूर आणि धूप यांच्या योजना आखायच्या आणि राबवायच्या त्या राज्यांनी, ही केंद्राची भूमिकाही जुनी आणि जाहीर आहे. दिल्लीकडे बोट दाखवायची सोय इथे नाही.

देवबागचं उदाहरण घ्या. मालवण तालुक्यातली ही जमिनीची अरुंद पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि दक्षिण टोकाला दोघांचा संगम. तारकर्लीकडून येणारा एकच रस्ता गावाला जगाशी जोडतो. धूप समुद्राच्या अंगाने होते आणि खाडीच्या अंगानेही. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत हे गाव स्वर्ग आहे. पावसाळ्यात तिथल्या माणसांच्या माडांची मुळं उघडी पडतात. बंधाऱ्याची मागणी अनेक पिढ्यांची आहे आणि बंधारे झालेही, पण तुकड्यातुकड्यांनी: इथे दोनशे मीटर, तिथे शंभर मीटर, ज्या वर्षी ज्याच्या वजनाने जेवढा निधी सुटेल तेवढे.

तुकड्यातुकड्यांनी बांधलेला बंधारा काय करतो, हे किनाऱ्यावरचा प्रत्येक म्हातारा सांगेल. लाटेची ताकद दगडावर आपटून संपत नाही, ती बाजूला सरकते. बंधारा जिथे संपतो तिथून पुढची वाळू जास्त वेगाने जाते. ज्याच्या घरासमोर दगड पडले तो वाचतो, त्याच्या शेजाऱ्याचा माड पडतो. मग शेजारी पुढच्या निवडणुकीत आपल्यापुरता बंधारा मागतो. किनाऱ्याची वाळू गावाच्या सीमा ओळखत नाही. ती खाडीच्या मुखापासून पुढच्या डोंगराच्या टोकापर्यंत एकाच साखळीत फिरते. कुठे जेटी बांधली, कुठे खाडीतून बेसुमार वाळू उपसली, कुठे किनाऱ्यावरची वाळूची टेकडी सपाट करून रिसॉर्ट उभं केलं, याचा परिणाम दोन गावं सोडून तिसऱ्यावर होतो. त्यामुळे संपूर्ण पट्ट्याचा एकत्र विचार करणारा कोणीतरी हवाच. आज तसा कोणी नाही. आमदाराच्या पत्रावर मीटर ठरतात.

रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्याची गोष्ट तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन अडकलं. ते वर्षानुवर्षं तिथेच सडत राहिलं, लाटांबरोबर बंधाऱ्यावर आपटत राहिलं. जहाज परदेशी मालकाचं, ते हलवायची प्रक्रिया एका यंत्रणेकडे, बंधारा दुसरीकडे, मागे राहणारी माणसं नगर परिषद आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत. एका जिल्ह्याच्या मुख्यालयात हे घडत असेल, तर गुहागर किंवा श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीची दाद कोण घेणार?

धुपेचा प्रश्न मोठा आहे की नाही, यावर आता वाद घालायचं कारण नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून देशाच्या किनाऱ्याचा अभ्यास केला. मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे ३३.६ टक्के भाग झिजतो आहे, असा त्याचा निष्कर्ष. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २५ टक्के. म्हणजे दर चार किलोमीटरमागे एक. दुसरीकडे केंद्राच्या नव्या मोजणीत महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी ६५२.६ किलोमीटरवरून ८७७.९७ किलोमीटर झाली. खाड्यांची वळणं बारकाईने मोजली म्हणून ती वाढली. मोजणी बारीक झाली हे चांगलंच. आता त्या वाढीव किनाऱ्याची देखभालही कोणाच्या तरी नावावर चढवा.

पैशाचं बघू. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी सुचवले. संपूर्ण देशासाठी, नद्या आणि समुद्र मिळून. त्याच काळात मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट ते वरळी हा १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा रस्ता झाला, त्याचा खर्च सुमारे १४,००० कोटी. मुंबईला रस्ता मिळाला याचं मला दुःख नाही. त्या रस्त्याच्या पैशापेक्षा त्याची रचना मला महत्त्वाची वाटते. समुद्रात भराव, भरावाला लाटांपासून राखणारी दगडी भिंत, वरचा रस्ता, बोगदा, फिरण्याची जागा, सगळं एकट्या मुंबई महापालिकेच्या नावावर. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी पुलाच्या दोन खांबांमधून आपल्या होड्या सुखरूप जाणार नाहीत म्हणून काम अडवलं, तेव्हा कोणाच्या दारात बसायचं हे त्यांना ठाऊक होतं. महिन्यांमागून महिने ते भांडले आणि ६० मीटरचं अंतर १२० मीटर करून घेतलं. महापालिकेला 'हे आमच्या अखत्यारीत नाही' असं म्हणता आलं नाही. देवबागच्या किंवा मिऱ्याच्या माणसाला असं एक दार द्या. तो भांडायला तयार आहे.

दार एक असलं की काय होतं, याचा पुरावा खुद्द कोकणात आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून कोकण रेल्वेच्या गाडीला अपघात झाला, पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षभरात, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीवर आदळली. लोकांनी जाब विचारला आणि तो विचारायला एकच मालक होता. रूळही कोकण रेल्वेचे, कटिंगचा डोंगर सांभाळायची जबाबदारीही तिची, गाडीही तीच चालवणार. मग डोंगराला जाळ्या बसल्या, कडे उतरते केले गेले, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं, मुसळधार पावसात वेग कमी ठेवायचा नियम झाला, रात्रंदिवस रुळांवरून चालणारे गस्तीचे लोक नेमले गेले. कोकण रेल्वेबद्दल तक्रारी भरपूर आहेत आणि त्या रास्त आहेत. पण डोंगर वेगळ्या खात्याचा म्हणून आम्ही गाडी बंद ठेवतो, असं तिने कधी सांगितलं नाही.

आता खाडीकडे वळू, कारण तिथली परिस्थिती समुद्रकिनाऱ्यापेक्षा वाईट आहे आणि तिच्याकडे कॅमेरे वळत नाहीत. पेण-अलिबागचा खारेपाट. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा-सात वर्षं खोतांविरुद्ध संप केला, तोच हा प्रदेश. खाडीला बाहेरकाठा घालून माणसांनी समुद्राकडून जमीन मिळवली, उघाड्या बसवल्या, भात पिकवला. बांध फुटू नये म्हणून गावकरी एकत्र येऊन श्रमदानाने दुरुस्ती करायचे, त्याला जोळ म्हणत. १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा आला, १९७९ मध्ये खारभूमी विकास अधिनियम आला. सरकार आलं म्हणून जोळ मागे पडली. ते स्वाभाविक होतं; कर भरणाऱ्या माणसाने सरकारकडून कामाची अपेक्षा ठेवावीच. पण सरकारने काही योजना 'शासकीय' मानल्या आणि कित्येक 'खाजगी' म्हणून तशाच सोडल्या. शासकीय बांधाला निधी तुटपुंजा, खाजगी बांधाला तर विचारणारंच कोणी नाही.

मग उधाणात बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते. खारं पाणी शेतात शिरतं. त्या वर्षाचं पीक जातंच, जमीन पुन्हा गोडी व्हायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात. त्या अवधीत खांड बुजली नाही तर शेतात कांदळवन उगवतं. कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं, कारण लाटा आणि वादळ अडवणारी ती पहिली भिंत आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भात आहे आणि शेतात कांदळवन आहे, त्या शेतकऱ्याला दोन्हीकडून कायदा बांधतो. त्याची चूक काय? बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही, ही. ती चूक त्याने केलेली नाही. आणि याच बांधावरून गावाची पायवाट, कित्येक ठिकाणी गावाचा रस्ताही जातो. खांड पडली की शेत, घर आणि वाट एकाच रात्री जातात. पंचनामा फक्त शेताचा होतो.

पंचनाम्यावरून आठवलं. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, त्सुनामी आहे, दरड आहे, गारपीट आहे, टोळधाडही आहे. समुद्राची धूप नाही. राज्याने आपल्या अधिकारात जी वाढीव यादी केली, तिच्यात समुद्राचं उधाण घातलं. ते चांगलं केलं. पण उधाण एका रात्रीचं असतं, धूप वीस वर्षांची. उधाणाने घर पाडलं तर मदत मिळण्याची आशा आहे; समुद्राने दरवर्षी दोन-दोन हात जमीन नेत शेवटी घराचा पाया गाठला तर ते नुकसान कोणत्या तारखेचं म्हणून लिहायचं? केरळने किनाऱ्याची धूप राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली आहे. महाराष्ट्राला ते करायला नवा कायदा लागत नाही, एका शासन निर्णयाची सही पुरते. ती सही अजून का झालेली नाही, याचं उत्तर मदत व पुनर्वसन मंत्र्यांनी विधिमंडळात द्यावं.

एसटीचंही तेच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट, त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. दोन्ही निर्णय मनापासून आवडले. त्यांचा खर्च राज्य सरकार महामंडळाला देतं, म्हणजे एसटी ही सेवा आहे हे सरकारने मान्य केलं आहे. मग किनाऱ्यावरच्या वाडीची वस्तीची गाडी भारमान कमी म्हणून बंद कशी होते? जिथे गाडीच येत नाही तिथे निम्म्या तिकिटाचा उपयोग काय? कधी काळी अठरा हजारांच्या आसपास असलेला गाड्यांचा ताफा चौदा-पंधरा हजारांपर्यंत घसरला, संचित तोटा दहा हजार कोटींवर गेला. अशा महामंडळाला तोट्यातली फेरी स्वतःच्या खिशातून चालवा असं सांगणं अन्यायाचं आहे. किनाऱ्यावरच्या ज्या गावाला दुसरा रस्ता नाही आणि दुसरं वाहन नाही, त्या गावाच्या रोजच्या किमान दोन फेऱ्यांचा तोटा सरकारने थेट भरावा. सवलतीचे पैसे भरता, तसे हेही भरा.

तरींचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा या फेरीबोटी आज कोकणचं कितीतरी अंतर वाचवतात, आणि त्या खासगी कंपन्या चालवतात. चांगल्या चालवतात. पण पूल व्हायचे ते राहिलेच. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते १९८० ते १९८२. रेवस-करंजा पुलाचं आणि सागरी मार्गाचं स्वप्न तेव्हापासूनचं. चार दशकं उलटून गेली.

यावर माझा उपाय नवं महामंडळ हा नाही. कोकणाला मंडळं पुष्कळ मिळाली. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालापासून आहे. त्याच्या २५व्या कलमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, जिल्हाधिकारी त्याचा अध्यक्ष आणि लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, सहअध्यक्ष. सर्व खात्यांना कामाला लावायचे अधिकार या प्राधिकरणाला आहेत. (रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होते. म्हणजे तौक्ते वादळ आणि चिपळूणचा महापूर ताजा असतानाच लोकांची खुर्ची रिकामी पडली. हा गुन्हा सगळ्या पक्षांचा आहे.)

या प्राधिकरणाने दरवर्षी १५ मेच्या आत जिल्ह्यातल्या प्रत्येक किनारी आणि खाडीकाठच्या रस्त्याची यादी जाहीर करावी. बंधारा कोणत्या अवस्थेत आहे, खांड कुठे पडू शकते, पडली तर किती दिवसांत आणि कोणी बुजवायची, रस्ता बंद झाला तर एसटी कुठपर्यंत येईल आणि तिथून पुढे लोकांना कोण नेईल, हे त्या यादीत लिहिलेलं असावं. प्रत्येक नोंदीपुढे एका अधिकाऱ्याचं पद हवं. बंधारा आणि रस्ता यांना प्रशासकीय मान्यता एकत्रच मिळावी, एक सोडून दुसऱ्याला नाही. खारभूमीच्या योजनांतला शासकीय-खाजगी भेद रद्द व्हावा. आणि दगड टाकण्याआधी त्या संपूर्ण किनारपट्ट्याच्या वाळूचा अभ्यास व्हावा. जिथे कांदळवन, वाळूची टेकडी आणि सुरूची लागवड पुरेशी आहे तिथे दगड टाकू नये.

कोकण आपत्ती सौम्यीकरणासाठी राज्याने २०२१ मध्ये तीन हजार कोटींवरचा आराखडा जाहीर केला होता. धूपप्रतिबंधक बंधारे त्यात होते. त्यातले आपल्या गावाच्या वाट्याला किती आले, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जाने कळतं. अर्ज करा.

आणि येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा. निधी द्यावा, असं त्यात मोघम लिहू नका. बंधारा, रस्ता आणि एसटी या तिन्हींची जबाबदारी ज्या एका अधिकाऱ्यावर आहे त्याचं पद आम्हाला तीस दिवसांत लेखी कळवावं, एवढंच लिहा, आणि ठराव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नावे पाठवून पोच घ्या. एका गावाचा ठराव फायलीत जाईल. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या प्रत्येक गावाने तो पाठवला तर उत्तर द्यावंच लागेल.